आतलं अस्तर

मित्रांनो, मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी माझा मुक्काम असतो. नवी होते तेव्हा माझा काय थाट होता! डॉक्टरीणबाई रोज स्वतः माझा पडदा पुसायच्या. कानाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात पाठवायचे आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचं चित्र काढायचे.

तेव्हाची एक बाई अजून आठवते. कपडे शिवणारी, मोठी बडबडी. सोबत तिच्या सासूबाई असायच्या. मागे एकदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं आणि गर्भपिशवी साफ करावी लागली होती. तेव्हापासून पाळी जेमतेम यायची, दिवस काही राहत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीत थोडं मिठाचं पाणी सोडलं आणि मला आत भिंतीला भिंत जोडणारे पांढरे पट्टे दिसले.

“पिशवी साफ करताना झालेल्या जखमेमुळे आतलं अस्तर चिकटलंय,” त्या म्हणाल्या.

“मग उसवा की!” ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. “माझंच काही चुकलं का हो?”

“तुमचं काहीच चुकलेलं नाही. पट्टे सोडवता येतील, पण पुन्हा चिकटूही शकतात. मूल होईलच, असं मी सांगणार नाही.”

सासूबाईंनी तिचा हात धरला. “पोरी, आधी तू बरी हो. नातवंडाचं पुढचं पुढे.”

भूल देऊन बारीक दुर्बीण आत घातली. इवल्याशा कात्रीनं डॉक्टरीणबाई पट्टे कापत होत्या आणि मी पोटावरून वाट दाखवत होते. पुढच्या तपासणीत मात्र एक पट्टा पुन्हा चिकटलेला दिसला. ही बातमी माझ्याच पडद्यावर यावी, याचं मला फार वाईट वाटलं. तिनं शिवणाला हात लावणंच सोडलं, असं सासूबाई सांगत होत्या. तरी ती परत आली. पुन्हा कात्री चालली, औषधं झाली आणि या वेळी अस्तर हळूहळू भरत गेलं.

बऱ्याच महिन्यांनी ती आली, पाळी चुकली म्हणून. माझ्या पडद्यावर दाण्याएवढं काहीतरी लुकलुकलं.

“हे काय फडफडतंय?” तिनं विचारलं.

“बाळाचे ठोके.”

मान उंचावून ती त्या ठिपक्याकडे बघतच राहिली. शेवटी सासूबाईच डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, बोल की काहीतरी!”

पुढे नवी, रंगीत मशीन आली आणि मी इकडे. माझ्यावरची धूळ राहू द्या, मित्रांनो. पण मूल नसलेल्या बाईला ‘अजून का नाही?’ असं कधी विचारू नका. तो प्रश्न झेलून आलेल्या कितीजणी माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मोठे झालात की घरातल्या बाईमाणसाबरोबर तपासणीला जा. आणि बाहेर नको, आत, तिच्याजवळ बसा.