खिशात मावेल असा फोन

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं की मुलाकडच्यांनी मुलीला मोबाइल घेऊन द्यायचा, ही आमच्या भंडाऱ्याकडची नवी रीत. साडी कशी दिली हे बायका एकदा बघून विसरतात, पण फोन केवढा दिला हे वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. माझं साक्षगंध सप्टेंबरात झालं आणि पुढच्याच रविवारी आम्ही साकोलीच्या एका मोबाइलच्या दुकानात जमलो. मी, माझे बाबा आनंदराव, अंकुश आणि त्याची आई मालनबाई. अंकुश जवाहरनगरला फॅक्टरीत, केंद्र सरकारची नोकरी, राहायला क्वार्टर. बाबांना एवढं पुरेसं होतं. मलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोलू.

दुकानदारानं काउंटरवर दोन फोन ठेवले. एक मोठा, चकचकीत, तीन कॅमेऱ्यांचा. दुसरा लहान, साधा, त्या कंपनीनं बहुतेक नाइलाजानं काढलेला. मी लहान उचलला आणि सरळ पँटच्या खिशात घालून बटण लावलं. मावला. खाली बसून, उठून, गुडघा छातीपर्यंत वर घेऊन पाहिला. टोचला नाही, सरकला नाही.

"हे का करून राहिली पोट्टी?" मालनबाईंनी बाबांना विचारलं.

त्याचं असं आहे की मी वीज कंपनीत विद्युत सहाय्यक आहे, म्हणजे खांबावर चढते. चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करायला सांगायची, याला आम्ही परमिट घेणं म्हणतो. काम संपवून खाली उतरलं की पुन्हा फोन करून लाईन सोडायला सांगायची. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही. मधल्या वेळात माझा जीव त्या एका फोनवर असतो. म्हणून तो माझ्या अंगावर पाहिजे, आणि एका हातानं चालवता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात खांब असतो.

हे सगळं मी दुकानात सांगितलं. मालनबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळं बराबर हाय. पण एवढुसा फोन पाहून लोक म्हणतीन, फॅक्टरीवाल्यायचं मन पण एवढुसंच हाय."

"मोठ्याचा कॅमेरा पाय ना," अंकुश म्हणाला. "बोट लावलं का उघडते, दुसऱ्याले उघडताच येत नाही. अन व्हिडिओ कॉलवर तू पूर्ण दिसशीन."

"मले पूर्ण दिसायचं नाही," मी म्हटलं. "मले पूर्ण खाली उतरायचं हाय."

दुकानदार हसला. मालनबाई हसल्या नाहीत. बाबा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "घे ना बाई. देणाऱ्याचं मन कायले मोडतं?" माझ्या जुन्या फोनचं चार्जिंग बंद पडलेलं, आईनं घरी सगळ्यांसाठी कढी टाकलेली, आणि बाबांचा चेहरा असा की मी नाही म्हटलं तर तिथंच मटकन बसतील. मी मोठा घेतला. 

कामावर तो फोन खिशात जायचाच नाही. अर्धा बाहेर राहायचा आणि पाय उचलला की वर यायचा. गळ्यात पिशवी अडकवून पाहिली, ती सेफ्टी बेल्टमध्ये गुंतली. माझे सिनियर वायरमन गोमाजी काका म्हणाले, "हे पाटी कायले आणली? खांबावर शाळा भरवतं का?" शेवटी चढताना मी फोन त्यांच्याकडे देऊ लागले. तीस वर्षं या कामात घालवलेला माणूस. फोन वाजला तर ते उचलायचे नाहीत, खालून मला हाक मारायचे. मी उतरून बोलायची. जमून गेलं, असं मला वाटलं.

मग ऑक्टोबरातला तो रविवार आला.

अंकुश मला साड्या बघायला न्यायला आला होता. तेवढ्यात सबस्टेशनचा फोन आला: नागझिऱ्याकडच्या शेतातली लाईन बिघडली, एका खांबावरचं तार धरणारं चिनी मातीचं इन्सुलेटर फुटलंय. धान निसवायला, म्हणजे लोंबी धरायला आलेला, शेताच्या बांध्या कोरड्या पडलेल्या आणि मोटारपंप सकाळपासून बंद. गावकरी दर पाच मिनिटांनी ऑपरेटरला फोन करत होते. ऑपरेटर चंद्रकुमार, माझ्याच वयाचा, बिचारा रडकुंडीला आला होता. अंकुश म्हणाला, "चाल, मीच सोडतो. तुह्यं काम तरी पाहतो एकदा." मला बरं वाटलं. मला वाटलं, याला एकदा दिसू दे मी काय करते ते.

गोमाजी काका आधीच पोचले होते. तीन खांब पलीकडे सागाची फांदी तारेवर आली होती, ती तोडायला ते कोयता घेऊन निघाले. मी परमिट घेतलं. चंद्रकुमारनं लाईन बंद करून सांगितलं, "बंद केली, तृप्तीताई. लवकर करजो." आता फोन कोणाजवळ द्यायचा? काका तर लांब गेलेले.

"मी धरतो ना," अंकुश म्हणाला.

मी दिला. उचलू नका म्हणून सांगितलं नाही. आमच्या कामात हे सांगावं लागत नाही, आणि अंकुश आमच्या कामातला नाही हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

वर गेले. तारेला अर्थिंगचा रॉड लावला. हा रॉड म्हणजे आमचा पहारेकरी. चुकून कुणी लाईन सोडली तरी करंट त्याच्यातून जमिनीत जातो. इन्सुलेटर बदललं, तार बसवली, बांधली. खाली पलीकडच्या बांधावर दहा-बारा शेतकरी माना वर करून उभे होते. "झालंच!" मी ओरडले. रॉड काढला आणि दोरीनं खाली सोडला. बेल्ट सैल करणार तोच दिसलं की बांधलेल्या तारेचा एक वेढा ढिला आहे.

नियम सांगतो, पुन्हा हात लावायचा तर रॉड पुन्हा लावायचा. पण रॉड खाली गेला होता आणि काम होतं एका वेढ्याचं. मी पक्कड लावली. ही चूक माझी, ती मी कुणाच्या डोक्यावर टाकत नाही.

खाली फोन वाजला.

"हॅलो," अंकुशचा आवाज आला, छान, मोकळा, सासरच्या माणसांशी बोलावा तसा. "हो... हो, झालं ना... हो हो, सोडा."

माझ्या डाव्या हातात तार होती.

मी हात सोडला. पायही सुटला. बेल्टनं कमरेत असा काही झटका दिला की श्वासच बंद झाला, आणि मी तारेच्या हातभर खाली लोंबकळत राहिले. पक्कड खाली पडली.

"नाही म्हणा त्याले!" मी ओरडले. "मी वर हाव! बंदच ठेव म्हणा!"

"फोन कटला!" अंकुश म्हणाला.

"परत लावा!"

त्यानं स्क्रीनवर बोट घासलं. पुन्हा घासलं. फोन शर्टाला पुसला आणि पुन्हा बोट लावलं. मग त्यानं मान वर केली. त्याचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. दोन्ही हातांनी फोन माझ्याकडे उंच धरून तो म्हणाला, "तुह्यं बोट पाहजे तृप्ती, हा उघडूनच नाही राहिला!"

माझं बोट वीस फूट वर होतं. पिन सांगून उघडता आला असता, पण त्या घडीला मला माझं नावही आठवलं नसतं.

"तुमच्या फोनवरून लावा!"

"कोणता नंबर? नंबर तं सांग!"

नंबर त्या मोठ्या फोनमध्ये होता. पाठ कोणाला असतात आता? बांधावरच्या शेतकऱ्यांकडे तो होता, हे त्या गडबडीत दोघांनाही सुचलं नाही.

मी पायानं खांब चाचपडला, पाऊल टेकलं, खाली सरकायला गेले, तर बेल्टचा दोर एका बोल्टमध्ये अडकलेला. तो सोडवायचा तर हात वर न्यायचा. किती वर? वीतभर. तार त्याच्यावर किती? दुसरी वीत. मी हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. सबस्टेशनमध्ये चंद्रकुमार खुर्चीवरून उठला असेल, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली असेल, पॅनलपर्यंत चालत गेला असेल. मी त्याची पावलं मोजत होते. हात खाली घेतला आणि खांबाला मिठी मारली.

डोक्यावर बारीक गुणगुण सुरू झाली.

आणि चारी बाजूंच्या शेतांतून एकेक मोटार घुरघुरू लागली. आमचं ओरडणं न कळलेल्या बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लाईन आली! लाईन आली रे!" एक म्हातारी मला खालून हात जोडत होती. तिला वाटलं, मी काम फत्ते करून वर आराम करतेय.

मला आई आठवली नाही, बाबा आठवले नाहीत. मला फक्त राग आला. एवढा राग की त्याच्या जोरावर मी हात घट्ट धरून ठेवले. हलायचं नाही, मान वर करायची नाही, घाम पुसायचा नाही.  अंकुश खाली रडत होता. शेतकऱ्यांच्या टाळ्या हळूहळू थांबल्या.

फांदी तोडून परत निघालेले गोमाजी काका मोटारींचा आवाज ऐकून बांधांवरून उड्या मारत पळत आले. धानातच थांबून त्यांनी खिशातून आपला बटणांचा फोन काढला आणि बोंबलले, "बंद कर बे चंद्रकुमार! पोट्टी वर हाय! बंद कर!"

मोटारी थांबल्या, गुणगुण थांबली. तरी काकांनी खालून दुसरा रॉड तारेवर टाकला, मगच म्हणाले, "ये आता, माय. हळू ये." मी दोर सोडवला आणि उतरले. जमिनीला पाय लागले तशी बांधाच्या कडेला ओकले.

काकांच्या फोनवर चंद्रकुमार हुंदके देत होता. तो एवढंच म्हणत राहिला, "ताई, तुमच्या नंबरवर माणसाचा आवाज आला, मले वाटलं काकाच हायेत."

अंकुशनं पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली. तो म्हणाला, "तूच तं वरून झालं म्हटलं होतं. लोक वाट पाहून राहिले होते. मी चांगल्यासाठी हो म्हटलं."

"चांगल्यासाठीच म्हटलं तुमी," मी म्हणाले. "मी मेली असती तरी चांगल्यासाठीच म्हटलं असतं."

काकांनी तो ढिला वेढा स्वतः चढून पक्का केला. परमिट मात्र मला परत करायला लावलं. त्यांच्याच फोनवरून, माझ्याच तोंडानं. 

साड्या राहिल्या. दुपारी मी साकोलीच्या त्याच दुकानात गेले. अंकुश मागोमाग आला, मी त्याला या म्हटलं नव्हतं आणि जा पण म्हटलं नव्हतं. लहान फोन अजून होता. तो मी माझ्या पगारातून घेतला, दुकानदाराकडून सिम बदलून घेतलं, खिशात घातला, बटण लावलं. मोठा फोन खोक्यात ठेवून खोकं अंकुशच्या हातात दिलं. तो खोक्याच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालनबाई होत्या. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आलं. "अरे, भन्तेजीले लग्नाची डिसेंबरातली तारीख सांगून टाकतो. तृप्तीचं जमते ना? विचारलं का तिले?"

"हो आई, तिचं..." अंकुश म्हणाला आणि थांबला. दुकानदारही हातातलं काम सोडून पाहू लागला. अंकुशनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे अजून लाल होते. मग त्यानं फोन कानावरून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तूच सांग," तो म्हणाला.

मी फोन घेतला.  

"जय भीम आई, मी तृप्ती बोलून राहिली. तारीख आताच नका सांगू. माह्यं अजून ठरलं नाही. ठरलं का मी स्वतः फोन करीन. तोवर माह्यासाठी कोणीच हो म्हणू नका, अंकुश पण नाही, बाबा पण नाही."

 मी फोन अंकुशच्या हातात दिला आणि एकटीच बसस्टँडकडे निघाले.