एकट्यासाठी जागा

सोमवारी सकाळी कम्प्युटरनं ऑगस्टिन ग्राबोव्स्कीकडे दिलगिरी व्यक्त केली.

"कशाबद्दल माफी मागतोय मेला?" ऑगीच्या खांद्यावरून डोकावत आई म्हणाली.

"मी कुठेच लागलो नाही, त्याबद्दल."

"मग आपण म्हणायचं, हरकत नाही, पुन्हा बघ. असा कसा नाही लागलास?"

दरवर्षी मार्चमध्ये देशभरातल्या नव्या डॉक्टरांची आणि त्यांना पुढचं प्रशिक्षण देणाऱ्या इस्पितळांची गाठ हाच कम्प्युटर घालून देतो. मुलं आपली पसंती लिहितात, इस्पितळं त्यांची लिहितात. जागा मिळाली की नाही ते सोमवारी कळतं आणि कुठे मिळाली ते शुक्रवारी. ऑगीनं मानसोपचार हा विषय मागितला होता. इस्पितळांनी मुलाखतीत त्याला कॉफी पाजली, त्याचं हसून कौतुक केलं आणि मग त्याला सोडून बाकी सगळ्यांना पसंत केलं.

सगळंच काही संपलं नव्हतं. काही इस्पितळांच्या जागा रिकाम्या राहतात. सोमवारी दुपारी अर्ज टाकायचे, गुरुवारी उरलेल्यांना बोलावणी येतात. यात एकच नियम मोठा विचित्र होता. अर्जदारानं इस्पितळाला स्वतःहून फोन करायचा नाही. त्यांना वाटलं तर ते करतील. आपण आपलं फोनजवळ बसायचं.

बर्नडीनबाई, म्हणजे ऑगीची आई, शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होत्या. कामावर जाताजाता त्यांनी कॉलेजकडून पालकांना आलेला मेल वाचला. 'या आठवड्यात आपल्या मुलांना एकटं वाटू देऊ नका', असं त्यात होतं. बाई चष्मा विसरल्या होत्या. त्यांनी 'एकटं सोडू नका' असं वाचलं आणि तडक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीला खाली बोलावलं.

डॉलोरेस मावशी येतानाच बोलिंगच्या चेंडूची रिकामी पिशवी घेऊन आली. तिनं घरातल्या सुऱ्या, कात्र्या, दाढीची पाती, पट्टे आणि बुटांच्या नाड्या त्यात भरल्या. ऑगीचा मुलाखतीचा निळा टायही भरला. बटाटे सोलायचं यंत्र हातात घेऊन ती बराच वेळ विचार करत उभी राहिली आणि शेवटी तेही आत टाकलं. मग पिशवी मांडीवर घेऊन ती ऑगीसमोर बसली.

"मावशी, मला काही झालेलं नाही."

"झालंय असं कोण म्हणतंय? मी सहज बसलेय."

"पाव कशानं कापू?"

"देवानं हात दिलेत ना?"

त्या दिवशी घरात पाव तोडून खाल्ला गेला आणि लोणी चमच्यानं थापलं गेलं. मंगळवारी सकाळी मावशीनं अख्खे कांदे आणि सालासकट बटाटे घालून सूप शिजायला ठेवलं. ती स्वयंपाकघरात असतानाच ऑगीचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. ऑगी ताडकन उभा राहिला, कारण बसून बोललं की आवाज पडतो असं त्याला कॉलेजात शिकवलं होतं.

"ऑगस्टिन ग्राबोव्स्की का? मी कॅरोलाइन. तुमच्या पुढच्या सोयीबद्दल बोलायचं होतं. आमच्याकडे काही जागा शिल्लक आहेत."

"हो मॅडम! मी वाटच बघत होतो."

"अरे वा! तुमच्या वयाची माणसं हा विषय टाळतात."

"मी नाही टाळत. कॉलेजात गेल्यापासून माझ्या डोक्यात दुसरा विचारच नाही."

दाराआड मावशीचा सुपातला डाव थांबला.

"जागा एकट्यासाठी हवी की जोडीनं?"

नवराबायको दोघं डॉक्टर असतील तर एकाच गावात जागा मागता येते. त्यामुळे ऑगीला यात वावगं काही वाटलं नाही. "एकट्यासाठी," तो म्हणाला. "मला कुणी नाही."

"आणि कायमचीच ना?"

"कायमचीच! एक वर्ष इथं, एक वर्ष तिथं, असली धरसोड नको आता."

"साधारण कधीपर्यंत लागेल?"

"जूनच्या आत. आधी झालं तर सोन्याहून पिवळं. घरी बसून तरी काय करतोय मी?"

मावशीनं गॅस बंद केला.

"घरच्यांच्या कानावर घातलंय का?"

"आईला अजून धीर होत नाहीये सांगायला. फार लांब असेल तर तिला जड जाईल. जवळ असेल तर रविवारी येऊन बसेल घटकाभर."

"तळ्याकडची बाजू घ्या तुम्ही. एकदम शांत. शेजारपाजारची कटकट नाही."

शांत रुग्णांचा वॉर्ड असावा, असं ऑगीला वाटलं. तो घाईघाईनं म्हणाला, "मला बेचैन असलेलेही चालतील बरं का. आरडाओरडा करणारे, रात्री उठून फिरणारे. मी त्यांच्यात रमतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"आमच्याकडचे सगळे शांतच असतात," कॅरोलाइन जपून म्हणाली. "बरं, दगड कुठला घालायचा? काळा ग्रॅनाइट सध्या फार चालतोय."

ऑगीनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि बंद केला. वळून बघतो तर दारात मावशी. पिशवी छातीशी घट्ट धरलेली, चेहरा पांढराफटक.

"घाबरू नकोस मावशी," ऑगी म्हणाला. "कबरस्तानातून फोन होता."

मावशीनं लगेच फोन फिरवले. अर्ध्या तासात आई कँटीनची केसांची जाळी डोक्यावर तशीच ठेवून धावत आली. तिच्यामागोमाग चर्चचे फादर लेओन आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन बर्फातून घसरत आले. ऑगीनं तिघांना झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. तो स्वतःच मध्ये दोनदा हसला. तिघांपैकी कुणीही हसलं नाही.

"विनोद करणं हेही एक लक्षण असतं म्हणे," फादर हळूच आईला म्हणाले. "मी वाचलंय कुठेतरी."

"फादर, ती बाई खरंच थडग्याच्या जागा विकते!"

"असेल ना, असेल. आधी कपाळ पुढे कर बाळा."

फादरनी ऑगीच्या कपाळावर तेलानं क्रूस काढला. प्रसंगाच्या मानानं तेल जरा सढळ हातानं लावलं गेलं. ते पुसायच्या आत कम्प्युटरनं ठणठण केलं. नॉर्थ डकोटातल्या एका इस्पितळाच्या मानसोपचार विभागप्रमुख डॉक्टर सोल्वेग टफ्टे यांना दहा मिनिटांनी ऑगीशी समोरासमोर, म्हणजे पडद्यावर, बोलायचं होतं.

"टाय!" ऑगी ओरडला. "मावशी, टाय दे."

"नाही."

"मुलाखत आहे गं!"

"मघाशीही मुलाखतच होती."

आईनं विनवलं, फादरनी रदबदली केली. शेवटी मावशी एका अटीवर तयार झाली. टाय ऑगीनं घालायचा, पण त्याचं टोक तिच्या हातात राहील. दुसरा इलाज नव्हता. ऑगी कम्प्युटरसमोर बसला. मावशी टेबलाशेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, जमिनीवर बसली आणि तिनं टायचं टोक मुठीत धरलं. फादर आणि आई जिन्याच्या पायरीवर टेकले.

पडद्यावर पांढऱ्या केसांची, जाड लोकरी स्वेटर घातलेली एक बाई दिसू लागली.

"मिस्टर ग्राबोव्स्की, मानसोपचारच का?"

"मॅडम, मला माणसांचं ऐकायला..." ऑगी पुढे झुकला, तसा टाय ताणला गेला आणि त्याची मान कडेला कलली.

"तुमचा टाय बाजूला का चाललाय?"

"वारा आहे मॅडम."

"घरात?"

"वारा कसला! मी धरलाय!" खालून मावशी म्हणाली.

डॉक्टर टफ्टेंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "ज्यांनी धरलाय त्या समोर येतील का?"

मावशी पिशवीसकट कॅमेऱ्यात आली. पिशवीत काय आहे ते डॉक्टरांनी विचारलं. मावशीनं एकेक वस्तू सांगितली.

"मग बटाटे कसे सोलता?"

"सालासकट खातोय."

"बरं." डॉक्टर टफ्टे जराही हसल्या नाहीत. त्यांनी ऑगीकडे पाहिलं आणि, किती वाजले हे विचारावं तसं विचारलं, "मरावंसं वाटतंय का तुम्हाला?"

जिन्यावर आईनं तोंडाला हात लावला. गेल्या दोन दिवसांत या घरात सुऱ्या लपवल्या गेल्या, प्रार्थना झाल्या, तेल लागलं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"नाही," ऑगी म्हणाला. मग खरं ते बोलला. "लाज वाटतेय. काल मी नळ सोडून रडलो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मरायचं नाही आलं मनात. पण सकाळी उठून पुन्हा ऑगीच व्हायचं, याचा कंटाळा आला होता."

"समजू शकते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मावशी, तुम्ही त्याला हे विचारलं का नाही?"

"असं विचारतात होय? नसलं मनात तर यायचं एखाद्याच्या!"

"विचारल्यानं येत नाही मावशी," ऑगी म्हणाला. "उलट बरं वाटतं. मला आत्ता वाटलं."

मावशीनं टायकडे पाहिलं. बोलली ती टायशीच.

"रेला मी विचारलं नव्हतं."

रे म्हणजे तिचा नवरा. ऑगी शाळेत असताना मार्च महिन्यातच तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि पातळ झालेल्या बर्फातून खाली गेला. अपघात. घरात सगळे तेच म्हणत आणि त्यापुढे कुणी जात नसे.

"कारखाना बंद झाल्यापासून गप्प गप्प असायचा. मला वाटलं, हवेमुळे. चाळीस वर्षं त्या तळ्यावर गेलेला माणूस. बर्फ कधी पातळ होतो ते त्याला कळत नव्हतं का रे ऑगी?"

ऑगीनं खुर्ची फिरवली. तो मावशीशेजारी जमिनीवर बसला. मुलाखत, पडदा, कपाळावरचं तेल, काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. "तुला काय वाटतं मावशी?" तो म्हणाला आणि मग बराच वेळ फक्त तीच बोलत राहिली. भलतंच काही आठवून मध्येच एकदा ती हसलीही. आई जिन्यावरून उठून जवळ आली. फादर मात्र कुपीचं बूच काढत आणि पुन्हा लावत बसून राहिले.

मागून कुणी खाकरलं, तेव्हा ऑगी दचकला.

"आपली वेळ केव्हाच संपली, मिस्टर ग्राबोव्स्की," पडद्यावरून डॉक्टर टफ्टे म्हणाल्या. "तुम्हाला मला काही विचारायचं होतं का?"

ऑगीला एकही प्रश्न सुचला नाही. "तिकडे थंडी असते का?" तो म्हणाला.

"असते." आणि पडदा काळा झाला.

"गेलं!" आई म्हणाली. "नॉर्थ डकोटात थंडी असते का म्हणे! आणखी काय गाढवपणा करायचा होता?"

गुरुवारी सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. ऑगी तोंडानं काही बोलत नसला, तरी त्याचं मन नॉर्थ डकोटात अडकलं होतं. इतकं बोलणं झाल्यावर आपल्याला कोण नाकारेल, असं त्याला आतून वाटत होतं. बोलावण्यांच्या पहिल्या फेरीत काहीच आलं नाही. दुसरीतही नाही. दुपारी तिसऱ्या फेरीत कम्प्युटर ठणठणला आणि आईनं चष्म्यासकट पुढे वाकून वाचलं.

"टेक्सास? हे कोण?"

पश्चिम टेक्सासातलं एक इस्पितळ होतं. मानसोपचार, प्रशिक्षणाची चारही वर्षं. त्यांनी ऑगीला कधी फोन केला नव्हता, मेल केला नव्हता, त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. नॉर्थ डकोटाकडून शेवटपर्यंत काही आलं नाही. डॉक्टर टफ्टेंनी दुसऱ्या कुणाला घेतलं, की त्यांची जागाच आधी भरली होती, हे ऑगीला पुढेही कधी कळलं नाही.

"न बघता घेतलं?" आईला ते पटेना. "बोलले नाहीत, चालले नाहीत, आणि थेट हो? काहीतरी खोट असणार."

"त्यांनी बघितलं असतं तर घेतलं असतं का?" मावशी म्हणाली. "दाब ते बटण, बाळा. त्यांना शुद्ध यायच्या आत."

ऑगीनं बटण दाबलं. त्याला आनंद झाला होता, पण तो कुठून आत घ्यावा ते कळत नव्हतं. नाकारणारे त्याला पाहून नाकारत होते आणि घेणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं. मग या आठवड्यात आपण नेमकं काय केलं, हे त्यानं संध्याकाळपर्यंत स्वतःला विचारून पाहिलं. शेवटी तो आईनं आणलेला केक खायला बसला. 'अभिनंदन' या शब्दापुढे बेकरीवाल्यानं आदल्या आठवड्यातच प्रश्नचिन्ह घातलं होतं. काय ते कळेपर्यंत घाई नको, असं आईनंच त्याला बजावलं होतं.

शुक्रवारी भर दुपारी कॉलेजच्या सभागृहात सगळ्या मुलांनी आपापले लिफाफे फोडले. ऑगीला आपल्या लिफाफ्यात काय आहे ते ठाऊक होतं, तरी त्यानं तोंडाचा मोठा आ केला. आईचा कॅमेरा सुरूच झाला नव्हता, म्हणून लिफाफा पुन्हा चिकटवून त्याला दुसऱ्यांदा आ करावा लागला. शेजारी उभ्या असलेल्या, बॉस्टनमध्ये लागलेल्या मुलीनं घाबरून विचारलं, "इतकं वाईट आहे का रे?"

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, त्यात मांस वर्ज्य असलेला शुक्रवार. संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला सगळा मोहल्ला लोटला. अर्ध्या लोकांना सोमवारची बातमी लागली होती, अर्ध्यांना गुरुवारची. निम्मे ऑगीचा खांदा दाबून "धीर धर" म्हणत आणि निम्मे तोच खांदा दाबून "शाब्बास" म्हणत. दोघांनाही तो थँक्यू म्हणत होता. लांब टेबलावर एकजण त्याला नॉर्थ डकोटाच्या बर्फासाठी चांगले बूट कुठे मिळतात ते समजावत होता आणि दुसरा टेक्सासात विंचू किती मोठे असतात ते सांगत होता.

मावशी ताट घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली. तिनं माशावर लिंबू पिळलं, कोबीची कोशिंबीर बाजूला सारली आणि काटा खाली ठेवला.

"त्या दिवशी सकाळी रेनं दोनदा कॉफी घेतली," ती म्हणाली. "तो कधी दोनदा घेत नसे."

पलीकडून फादर लेओन हात हलवत ऑगीला बोलावत होते, कुणाशी तरी ओळख करून द्यायला. ऑगीनं त्यांना थांबा अशी खूण केली आणि खुर्ची मावशीकडे वळवली.

"मग?" तो म्हणाला.

मावशी सांगू लागली.