सर्व्हरच्या पाठीचं बुजगावणं

मित्रांनो, मी एक जुना डमी प्लग आहे. आकाराने अंगठ्याच्या पेराएवढा, रंगाने काळा, आणि धंदा खोटं बोलण्याचा. तुम्ही खोटं बोललात तर कान पिळला जातो. मला मात्र त्यासाठीच घडवलं. कारखान्यात एका मिनिटात माझी चाळीस भावंडं जन्मली आणि एकालाही खरं बोलायला शिकवलं नाही.

माझी नेमणूक एका कचेरीच्या तळघरात झाली. तिथे एक मोठा सर्व्हर आहे. पुलांच्या खांबांवर ताण कुठे येतो, हे तो रंगीत चित्रं काढून दाखवतो. पण बघणारी माणसं तिथे बसत नाहीत. ती दूरच्या गावी, आपापल्या टेबलाशी बसून ती चित्रं मागवतात. त्यामुळे सर्व्हरला स्वतःचा पडदा, म्हणजे मॉनिटर, नाही. आता त्याच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड पडलं मानी. समोर पडदा नसेल तर ते कुंचल्याला हातच लावत नाही. म्हणून मला त्याच्या पाठीत खोचलं. "पडदा आहे बरं का, चांगला मोठा आहे," असं मी अखंड सांगत राहायचो आणि ते बापडं रंगवत बसायचं.

मला खोचलं ते तळघर सांभाळणाऱ्या मामांनी. सगळी कचेरी त्यांना मामाच म्हणायची. ते मला बुजगावणं म्हणत. येता-जाता पाठीमागे हात घालून मी जागेवर आहे ना, ते चाचपून बघत. सहा वर्षं एकदाही चित्र अडलं नाही. त्यामुळे सहा वर्षं कोणी मामांचं नावही काढलं नाही. काम नीट चाललं की माणूस दिसेनासा होतो, मित्रांनो.

मग नवे साहेब आले. त्यांना स्वच्छतेची फार आवड. मामा दहा दिवस रजेवर असताना त्यांनी तळघर आवरायला काढलं आणि नियम केला : ज्याच्या दुसऱ्या टोकाला काही जोडलेलं नाही, ते उपटा. माझ्या दुसऱ्या टोकाला काय असणार? साहेबांनी मला स्वतःच्या हाताने उपटलं, उलटसुलट करून पाहिलं आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. "बरा दिसतोय," म्हणाले. आयुष्यात माझी झालेली ही पहिली स्तुती.

त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. पडदा आहे असं कार्डाने एकदा मानलं होतं, ते तसंच धरून बसलं. नऊ दिवसांनी, मामा कामावर परतले त्याच सकाळी, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि दूरच्या गावी इंजिनीयरबाईंसमोर काळोख झाला. काळ्या चौकटीत एकच ओळ : डिस्प्ले सापडत नाही.

"मामा, अहो, चारला माझी बैठक आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "खांबाला तडा कुठून जाईल ते दाखवायचंय मला. काळी पाटी दाखवू का?"

"बघतो ताई. तुमच्या बाजूचं एकदा बंद करून चालू करा."

"तीनदा केलं! आता मीच बंद पडायची राहिलेय."

मामांनी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घातला. आधीचा जुना घालून पाहिला. चित्रं बघायची परवानगी कोणाकोणाला आहे, तेही तपासलं. साहेब जिन्यात उभे राहून म्हणाले, "चारपर्यंत चित्र दिसलं नाही, तर उद्यापासून येऊ नका."

मग मामांचा हात सवयीने सर्व्हरच्या पाठीकडे गेला आणि रिकाम्या भोकापाशी थांबला.

"साहेब, इथलं बुजगावणं कोणी काढलं?"

"कसलं बुजगावणं?"

"काळं, एवढंसं. कार्डाला पडदा आहे असं भासवतं ते."

साहेबांचा हात खिशात होता, आणि मी त्या हातात. ती मूठ हळूहळू आवळली. त्यांना समजलं, मित्रांनो. मला ते घामावरून कळलं.

"मी नाही पाहिलं," साहेब म्हणाले. इतकं सफाईदार मला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

मामा वर धावले आणि कोणाच्या तरी टेबलावरचा खराखुरा पडदा उचलून जिना उतरू लागले. तो जोडला असता तरी भागलं असतं. साहेबांनी त्यांना मधल्या पायरीवर अडवलं. "वरचं सामान तळघरात न्यायला माझी लेखी परवानगी लागते. अर्ज करा."

"करतो. सही कधी कराल?"

"तीन दिवस लागतात."

मामांनी हातातला पडदा घेऊन उभ्या उभ्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. मग ते पडदा परत ठेवायला वर गेले, ज्याचा होता त्याच्या टेबलावर. जाताना त्याच्यावरची धूळही पुसली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला जुडग्यातून सोडवून सर्व्हरच्या पाठीत खोचलं. बाईंचा फोन आला.

"दिसलं! कसं केलंत हो?"

"अनुभव."

"आणि मामा कुठायत?"

"त्यांना झेपत नव्हतं."

दुपारी मामा तळघराची किल्ली परत द्यायला आले. साहेब सर्व्हरपाशीच कागदावर त्यांची सही घेत होते. मामांचा हात सवयीने मागे गेला आणि मला लागला. बोट माझ्यावर थोडा वेळ टेकून राहिलं. मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद वाचत होते, तोही कोरा भाग.

"सैल बसलंय," मामा म्हणाले. "आत दाबा. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला झेपणार नाही."

आणि जाता जाता त्यांनीच मला आत दाबलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. ज्याचा उपयोग आपल्याला कळत नाही, ते उपटण्याआधी चार लोकांना विचारा. उपटलंतच, तर निदान कबूल करा. खोटं बोलायला आम्ही आहोत. आम्ही ते कोणाचंही काही न बिघडवता बोलतो.