बाहेरून लावलेली कडी

दचकू नका, बोलतेय ती मी, शाळेच्या दाराची जुनी कडी. दचकण्याचा मक्ता तुमचा नाही, माझा आहे. उभा जन्म मी धास्तीत काढला. लोखंडाला कसली आलीय धास्ती, असं म्हणाल. पण ज्याच्या आड चौतीस पोरं कोंडलेली असतात, त्याला ती येते.

कामशेतच्या पेठेमागे इब्राहिमचाचांची लोहाराची भट्टी होती, तिथं मी जन्मले. मूळची मी रेल्वेची. रूळ लाकडाला धरून ठेवतो ना, तो जाड खिळा. झिजला म्हणून रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांनी टाकून दिला, चाचांनी उचलला, तापवला आणि ठोकून ठोकून त्याची वीतभर चपटी पट्टी केली. एका टोकाला भोक पाडत ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "गुरुजी, फळी सडेल पण ही नाही सडायची. माझ्या नातवंडांपर्यंत टिकेल." ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पुढं त्याच टिकाऊपणाची मला काळजी लागली.

गिऱ्हाईक म्हणजे हौशीराम गुरुजी. कान्हे स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर आमची वाडी. तिथं एका खोलीची शाळा, चार इयत्ता आणि त्या चारींना मिळून हे एकच गुरुजी. दाराला दोन फळ्या, दोन्ही आत उघडायच्या. डाव्या फळीवर मला खिळ्यात फिरती बसवली आणि उजवीवर आकडा ठोकला. मला वरून सोडलं की मी आकड्यात पडायची, की झालं दार बंद. सगळं बाहेरच्या अंगाला. आतून कडी नव्हतीच. शेळ्या आत शिरू नयेत एवढ्यासाठी ते दार, मग आतून कडी कशाला, असा सरळ विचार होता.

पहिली दोन वर्षं मी फक्त शाळा सुटल्यावर पडायची आणि सकाळपर्यंत निवांत असायची. मग नवशाचं प्रकरण झालं.

नवशा पहिलीतला. गुरुजी टपाल टाकायला कान्ह्याला गेले होते, आणि हा गडी त्यांच्या मागोमाग रुळावर जाऊन पोचला. रुळावर खडा ठेवायचा, गाडी गेली की त्याचं पीठ झालेलं बघायचं, हा आमच्या पोरांचा आवडता उद्योग. एका गँगमनने त्याला दंडाला धरून ओढला आणि लगेच गाडी धडधडत गेली. गुरुजींनी ते समोरच्या फलाटावरून पाहिलं. त्या दिवशी नवशाला कडेवर घेऊन ते शाळेत आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एवढा मोठा माणूस, पण नवशाला खाली ठेवायला त्याचे हात तयार नव्हते.

तेव्हापासून गुरुजी कुठं जरी निघाले, पंचायतीत म्हणा, पाणी प्यायला म्हणा, की मला बाहेरून टाकून जायचे. मायेपोटीच. टाकताना एक नजर स्टेशनाच्या दिशेला असायची. पण माया बाहेर उभी आणि पोरं आत, हे काही मला बरं वाटायचं नाही. कुणाला सांगणार?

त्यात कोयनेचा भूकंप झाला. ते सदुसष्ट साल, डिसेंबरातली पहाट. तिकडं हाहाकार उडाला. आमच्याकडं कौलं वाजली, भांडी पडली, एवढ्यावर निभावलं. पण वाडीच्या वरच्या अंगाला चिंगीचं घर. आईबाप भात झोडायला खळ्यावर मुक्कामाला, पोर घरात एकटी. भिंत थोडी खचली, चौकट वाकडी झाली आणि दार अडकलं. आईबाप धावत आले, पण दार काही हलेना. कुऱ्हाडीनं फळी फोडून चिंगीला काढलं तोवर ऊन अंगणात आलं होतं.

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. म्हणून सगळे म्हणाले, पोरीला काही झालं नाही. मी मात्र तिला रोज बघत होते. शाळेत ती आपली जागा सोडून उंबऱ्याशी येऊन बसली ती तिथलीच झाली. मी खण्णकन आकड्यात पडले की तिचा श्वास अडायचा. दोन फळ्यांच्या फटीतून मला तो ऐकू यायचा.

पुढच्या वर्षी सरकारचं परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेनं संकटाच्या वेळचा आराखडा करावा, मुलांकडून सराव करून घ्यावा, आणि जी मुलं भ्याली आहेत त्यांची विचारपूस करावी. त्यासाठी सरकार सामान देणार होतं आणि गुरुजींचं वडगावला दोन दिवसांचं शिबिरही झालं. तिथून आल्यावर गुरुजी मोठ्या उत्साहात कस्तुराबाईंना सांगत होते, "मूल घाबरलं तर रागवायचं नाही, म्हणतात. त्याला बोलतं करायचं." कस्तुराबाई म्हणजे चिंगीची आत्या. पोरांना दुधाच्या भुकटीचं दूध करून वाटायचं काम तिच्याकडं होतं.

सराव झकास चालायचा. गुरुजी फूटपट्टी टेबलावर तीनदा आपटायचे. मग पहिली पुढं, चौथी मागं, एकमेकांत एक हात अंतर, आणि रांग बाहेर. चिंगी रांगेत कधी आली नाही. ती आधीच उंबऱ्यावर. तिथं बसून ती सगळं टक लावून बघायची.

मग परिपत्रकासोबत आलेला नमुना, म्हणजे छापील रकान्यांचा कागद, भरायची वेळ आली. गुरुजी मोठ्यानं वाचत लिहायचे, त्यामुळे मला सगळं कळलं. 'शाळेचे दार कामाच्या वेळी उघडे असते काय?' गुरुजींनी लिहिलं, 'होय.' खोटं लिहिणारा माणूस नव्हता तो. शिकवताना दार सताड उघडंच असायचं. आपण नसताना काय, हे कागदानं विचारलं नाही आणि त्यांच्याही ध्यानात आलं नाही. मी तिथंच लटकत होते, पण माझ्याकडं बघतो कोण.

शेवटचा रकाना होता भ्यालेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा आणि त्यांच्याशी काय बोलणं झालं त्याचा. गुरुजींनी टाक उचलला तशी कस्तुराबाई दुधाचं पातेलं ठेवून पुढं आली.

"गुरुजी, चिंगीचं नाव नगा लिवू."

"अहो, तिच्या भल्यासाठीच आहे हे."

"आसंल. पर त्यो कागद कुनाकुनाच्या हातात जाईल, सांगता व्हय तुमी? उद्या सोयरीक आली तर म्हनतील, पोर डोस्क्यानं कमी हाय. सरकारात नोंद हाय तिची."

गुरुजींनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदात हा शब्द भारी सोयीचा, एकदा लिहिला की पुढचं कुणी विचारत नाही. चिंगी उंबऱ्यावरून हे ऐकत होती. त्या दिवशी मला तिची फार कीव आली, आणि गुरुजींचा थोडा रागही.

आता एक गुपित सांगते. चिंगीकडं लाकडाची एक फूटपट्टी होती. गुरुजी मला टाकून गेले की ती पट्टी फटीतून हळूच बाहेर सरकवायची, मला खालून बोटभर उचलायची, आणि आवाज न करता परत आकड्यात सोडायची. पळून जायचं नव्हतं तिला. मी उठते की नाही, एवढीच खात्री करून घ्यायची असायची. तेवढं झालं की मग पाढे म्हणायला लागायची. मीही कधी अडले नाही. माझ्या भोकाला कुणी थोडं खोबरेल लावलं असतं तर बरं झालं असतं, पण शाळेत खोबरेल कुठून असणार.

मग एकोणसत्तरचा फाल्गुन आला. राब भाजायचे दिवस. भाताचं रोप चांगलं यावं म्हणून खाचरात पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात. सगळ्या मावळात धुराचे लोट उठतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. शाळेच्या खालच्या खाचरात रखमाजीनं राब पेटवला होता. शाळेच्या मागच्या भिंतीला त्याचीच पेंढ्याची गंज लागून होती. वर्षानुवर्षं तिथंच असायची.

दुपारी निरोप आला की कान्ह्याला शाळेचं पार्सल आलंय. सरकारी सामान. आठवड्यानं शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते, म्हणून गुरुजी लगेच निघाले. "तासाभरात येतो. पाढे म्हणा. रुळाकडं कुणी फिरकायचं नाही," असं म्हणत त्यांनी मला टाकलं.

ते टेकाडाआड गेले आणि वारा फिरला. राबाच्या ठिणग्या उडाल्या त्या थेट गंजीवर. आधी खिडकीच्या गजांतून धूर आला. पोरं खोकली, हसली. मग मागच्या वाशांशी तडतड ऐकू आली, आणि कुणीतरी किंचाळलं. क्षणात सगळी पोरं दारावर येऊन आदळली.

दार आत उघडणारं, आणि पोरं बाहेर रेटणार. त्या रेट्यानं फळ्या बाहेर फुगल्या आणि मी आकड्यात घट्ट आवळली गेले. तेवढ्यात फटीतून ओळखीची पट्टी आली. तिनं मला खालून रेटलं. मी हलले नाही. पुन्हा रेटलं. मला उठायचं होतं हो, माझ्याइतकं उठायचं त्या घडीला कुणालाच नसेल, पण चौतीस पोरांचा भार माझ्या अंगावर होता. लोखंड असल्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

"कडी आडाकलीय," चिंगी म्हणाली. "तुमी रेटताय म्हून आडाकलीय. मागं सरा." कोण ऐकतंय. लहानगी रडत होती, मोठी रेटत होती. चिंगी दाराला चेपलेली, जिला नुसत्या कडीच्या आवाजानं धडकी भरायची ती.

मग तिनं पट्टी फटीतून काढून घेतली आणि फळीवर तीनदा आपटली.

सवय काय असते बघा. पहिलीची चिल्लीपिल्ली रडतच मागं वळली आणि रांग धरायला लागली. नवशा आता तिसरीत होता. तो ओरडला, "पैली फुडं. एक हात अंतर." धुरात ठेचकाळत, एकमेकांचे अंगरखे धरत पोरं मागं सरली. माझ्या अंगावरचा भार एकदम उतरला. पट्टी पुन्हा आली. मला उचलताना ती मधोमध मोडली, पण तोवर मी आकड्यातून सुटले होते.

पोरं बाहेर पडत होती तेव्हा चिंगी आतच होती. फळी मिटू नये म्हणून अंगानं रेटून धरून उभी. चौतिसावी ती बाहेर आली.

धूर पाहून रखमाजी आणि कस्तुराबाई ओली गोणपाटं घेऊन धावले आणि आग आवरली. मागची भिंत काळी पडली, काही वासे जळाले. पोरं ऐनाच्या झाडाखाली रांगेतच बसून होती. गुरुजी आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पार्सल होतं. दोन लाल बादल्या, एक औषधपेटी आणि एक पितळी घंटा. त्यांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. मग दाराकडं पाहिलं. मी एका खिळ्यावर लोंबत होते.

"कुणी उघडलं?"

"म्या," चिंगी म्हणाली.

"पण कडी बाहेरून होती."

"व्हय. तुमीच लावलीती."

गुरुजी पायरीवर बसले. पार्सल अजून डोक्यावरच होतं, ते कस्तुराबाईनं उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "रोज भीती वाटायची तुला?"

"कडी लावली की वाटायची."

"मग मला का नाही सांगितलंस, बाळ?"

"तुमीच भ्यालेलं असता की. कडी लावताना टेसनाकडं बगता."

गुरुजींनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. पोरांसमोर रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी साहेबांना द्यायचा तो नमुना आणवला आणि कस्तुराबाईकडं नुसतं बघितलं.

"लिवा," ती म्हणाली. "पर दार तिनं उगाडलं, ते बी लिवा."

आठवड्यानं साहेब आले, वाडीवाले त्यांना अजून जुन्या काळासारखं दिपोटीच, म्हणजे डेप्युटीच म्हणायचे. काळी भिंत पाहिली, बादल्या पाहिल्या, नमुना वाचला. शेवटच्या रकान्यापाशी थांबले. 'निरंक' खोडून तिथं दोन नावं लिहिली होती. पहिलं चिंगीचं, आणि पुढं, 'हिने सर्व मुलांस बाहेर काढले.' दुसरं होतं, 'हौशीराम, शिक्षक', आणि पुढं, 'यांनी बाहेरून कडी लावणे बंद केले.'

"गुरुजी, हा रकाना विद्यार्थ्यांचा आहे."

"माहीत आहे, साहेब."

साहेबांनी कागदावर सही केली आणि घडी घालून आपल्या खिशात ठेवला. दार बाहेर उघडणारं करून घ्या, मंजुरी मी आणतो, एवढंच म्हणाले. मंजुरी पावसाळ्याआधी आलीसुद्धा.

मला दारावरून उपटलं. भंगारात जायचे मी, पण सरकारनं घंटा पाठवली होती ती वाजवायच्या दांडीशिवाय. मग माझ्या भोकात सुतळी ओवली आणि मला घंटेशेजारी टांगलं. आता पंचाहत्तर साल चालू आहे. शाळा भरली, सुटली, सराव असला की माझ्याच अंगानं घंटा वाजते. इब्राहिमचाचांची नातवंडं कामशेतच्या बाजारात दिसतात म्हणे. मी टिकलेय.

तुमच्याकडं मागणं एवढंच. पोरांच्या काळजीनं दार लावायची वेळ आली, तर हात कडीला लावण्याआधी आतल्यांना एकदा विचारा. आणि कुणी भ्यालं म्हणालं, तर त्याच्या नावाच्या जागी निरंक लिहू नका.

चिंगी आता कामशेतच्या हायस्कुलात जाते. वाटेत शाळा लागते. मी आणि आकडा जिथं होतो तिथं फळ्यांवर दोन भोकं राहिली आहेत. येता-जाता ती त्यांवर बोट फिरवून बघते, मी परत तिथं बसलेली नाही ना. मग पुढं जाते. मी तिच्यावर रुसत नाही. सकाळी दार उघडलं की मीही पहिल्यांदा तेच बघते.