बर्फ न घातलेला पूल

मी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातला छपराचा लाकडी पूल बोलतोय. आधीच बजावून ठेवतो: मला म्हातारा म्हणा, वाकडा म्हणा, कुबट म्हणा. कमकुवत म्हणायचं काम नाही.

ॲसाहेल नावाच्या सुताराने मला बांधलं. आधी नदीकाठच्या कुरणात जोडून पाहिलं, मग सगळं सुटं करून नदीवर चढवलं. माझ्या दोन्ही कुशींना स्प्रूसच्या फळ्यांची तिरपी जाळी आहे आणि जिथे फळीवर फळी येते तिथे ओकच्या जाड खुंट्या ठोकल्या आहेत. पाण्यात एकही खांब नाही. मधोमध त्याने मला जरासं उंच ठेवलं, म्हणजे ओझ्याने दबलो तरी सपाटच होईन, खोलगट नाही.

"छप्पर कशाला रे? आम्ही काय पावसात विरघळतोय?" लोक हसले.

"तुमच्या टकलांसाठी नाही ते," ॲसाहेल म्हणाला. "जाळी कोरडी राहिली तर तुमची पतवंडंसुद्धा यावरून जातील. तुम्ही भिजा खुशाल."

लोक मात्र छप्पर आपल्यासाठीच आहे असं समजून चालतात. सर आली की आत घुसतात, भांडणं करतात, मिटवतात, एखादा लाजत लाजत पोरीला मागणी घालतो. मी सगळं ऐकतो आणि पोटात ठेवतो.

छपरामुळे एकच पंचाईत व्हायची. हिवाळ्यात सगळे रस्ते बर्फाखाली जात आणि लोक चाकांच्या गाड्या ठेवून बिनचाकी बर्फगाड्या जुंपत. बाहेर त्या सुळकन पळायच्या. माझ्या पोटात मात्र बर्फ कुठला? कोरड्या फळ्यांवर गाडी अडायची. म्हणून गावाने एक माणूस नेमलेला असे, बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायला. नवरा गेल्यावर ते काम लोविनाकाकूने घेतलं. तोंडाने फटकळ, कामाला चोख. "हं, घे पांघरूण," असं मला म्हणत ती बर्फ पसरायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

पुढे होरेस मेरिल गावाचा कारभारी झाला आणि त्याच्या डोक्यात सिमेंटचा पूल शिरला. "हा सांगाडा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार," असं तो सांगत सुटला. मार्चच्या गावसभेत मला जाळून टाकायचा ठराव येणार होता. तेवढाही धीर त्याला धरवला नाही.

"काकू, आता पुलात बर्फबिर्फ घालू नका," तो म्हणाला. "मेलेल्याला कसलं पांघरूण?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकू फावडं खांद्यावर टाकून घरी गेली.

गावसभेच्या दिवशी सकाळी होरेस आपल्या बर्फगाडीत ग्रॅनाइटचे मोठमोठे दगड लादून निघाला. नव्या पुलाच्या पायाचे दगड, सभेत मिरवायला. पुलात बर्फ असतो हे त्याने जन्मभर गृहीत धरलेलं; आपणच तो बंद करायला लावला हे तो साफ विसरला. चार घोड्यांची ती गाडी ऐटीत माझ्या तोंडातून आत शिरली, वेगात निम्मं अंतर आली आणि बरोबर मध्यावर गच्च अडली. गाडीखालच्या लोखंडी पट्ट्या फळ्यांवर किंचाळल्या.

सभेला निघालेले लोक मागे खोळंबले. ते उतरून ढकलायला आले, पुढूनही माणसं धावली. बघता बघता अख्खं गाव माझ्या पोटात. खरं सांगतो, मधल्या खुंट्या अशा ठणकत होत्या की जीव नकोसा झाला. पण मी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी करकरलो असतो तर संपलोच असतो.

गर्दीतून वाट काढत लोविनाकाकू आली. फावडं खांद्यावर होतं.

"काकू, बर्फ कुठाय?" होरेस खेकसला.

"तूच नको म्हणालास ना, बाबा?"

"अहो, आता टाका चार फावडी! घोडे दमले माझे!"

"टाकते की. आधी सांग, हे धोंडे कशाला आणलेस?"

"नव्या पुलाला!"

"आणि नवा पूल कशाला?"

"हा कमकुवत आहे म्हणून! किती वेळा सांगू?"

काकूने दगडांकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं, मग घाम पुसणाऱ्या गावाकडे पाहिलं. "मग एवढे सगळे जण उभे कशावर आहात रे?"

सगळ्यांनी आपल्या पायांखालच्या फळ्यांकडे पाहिलं. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. "इथेच घ्या मतं!" असा ओरडा झाला, भराभर हात वर गेले आणि मी वाचलो. होरेसने हात वर केला नाही. त्याने दोन्ही हातांनी माझी जाळी घट्ट धरली होती.

काकूने मग फावडं चालवलं. "घे पांघरूण," ती पुटपुटली, आणि एवढ्या गर्दीत ते फक्त मलाच ऐकू आलं.

ते दगड अजून माझ्या तोंडाशी पडून आहेत, येणारेजाणारे त्यांवर टेकतात. काकू टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. बर्फगाड्या गेल्या, मोटारी आल्या. अधूनमधून कुणी शहाणा हातोडी घेऊन येतो, काठावरूनच मला टकटक करतो आणि मान हलवतो. त्याला एकच विनंती आहे. छपराला गळती लागू देऊ नका, बाकीचं माझं मी बघतो. आणि मला कमकुवत म्हणायचंच असेल तर काठावरून नको. आत या, मधोमध उभे राहा आणि मग म्हणा.