परसातली टाकीआई

मी टाकीआई बोलतेय. हात जोडू नका, नारळ तर मुळीच फोडू नका, त्या पाण्यानं मला गंज चढतो. मी देवी-बिवी काही नाही, आपली साधी गोबरगॅसची टाकी आहे. पण अडीच वर्षं मला देवी व्हावं लागलं. आणि खोटं कशाला सांगू, पहिले दोन-तीन महिने मला ते आवडलंसुद्धा.

माझा जन्म परभणीचा, स्टेशनामागच्या एका शेडातला. मुंजाजी मिस्त्रीनं काळा चष्मा लावून, ठिणग्या उडवत मला पत्र्याला पत्रा जोडून उभं केलं. माझ्याबरोबर आलेल्या पत्र्यांतून कुणाची ज्वारीची कोठी झाली, कुणाची बैलांच्या पाण्याची डोणी. मी मात्र वरून बंद आणि खालून उघडी, उपड्या घातलेल्या पातेल्यासारखी. कोठी मला हसायची. "तुझ्यात ठेवलेलं सांडंल की गं सगळं!" म्हणायची. माझ्यात जे ठेवायचं ते खालून वर चढतं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली मला ताडकळसच्या पलीकडच्या एका खेड्यात, किशनरावांच्या परसात आणलं. आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, बायनाबाईसाठी. लग्न होऊन आली तशी ही बाई चुलीपुढं बसलेली. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात ओल्या गोवऱ्यांचा असा धूर कोंडायचा की घरातलं मांजर बाहेर जाऊन शिंकायचं. बायनाबाईला मात्र बाहेर जाता यायचं नाही. तिचे डोळे बारा महिने लाल. परभणीच्या डॉक्टरनं किशनरावांना स्पष्ट सांगितलं होतं, "हिला धुरातून काढा, नाहीतर डोळे जातील." मग किशनरावांनी अर्ज केला, आणि दोन बैल, तीन म्हशींच्या शेणाच्या भरवशावर मी आले.

मुंजाजीनं विटांची गोल विहीर बांधली, शेणकाला भरला आणि वर मला ठेवलं. घरच्यांना पुढं बसवून समजावलं, "शेन कुजलं की गॅस व्हतो. गॅस झाला की टाकी वर येती. कॉक उघडायचा, काडी लावायची, शेगडी पेटती. रोज दोन पाट्या शेन कालवून घाला. आन रोज सकाळी टाकी अशी फिरवायची, म्हंजी वरची साय मोडती." असं म्हणून त्यानं माझी कडी धरली आणि मला ढकलत विहिरीभोवती एक चक्कर मारली. सगळ्यांनी टक लावून पाहिलं. शेगडी तेवढी त्याच्याजवळ नव्हती. "आठ दिसात आनून देतो" म्हणाला आणि सोनपेठकडं सात टाक्या बसवायला गेला, तो दोन महिने फिरकलाच नाही.

तिथंच घोटाळा झाला. शेगडी नाही, आणि माझ्या पोटात तर गॅस भरायला लागलेला. अठराव्या दिवशी सकाळी मी चांगली वीतभर वर आले. किशनरावांच्या आई पार्वतीबाई तांब्या घेऊन निघाल्या होत्या. त्यांचा तांब्या जागीच पडला.

"किशन्या! आरं, चार गड्यांनी उचललेलं लोखंड आपल्या आपन वर यायलंय!"

"माय, गॅस हाय त्यो."

"तुला दिसतो का?"

"न्हाई."

"मंग? न दिसता येवढं वझं उचलतो, त्याला काय म्हनत्यात?"

किशनराव शेणाची पाटी उचलून गोठ्याकडं वळले. त्यांना आईपुढं कधीच काही सुचायचं नाही. दिवस मावळायच्या आत माझ्या कपाळावर मळवट भरलेला आणि कडीला हिरवा खण बांधलेला. त्यात शेजारच्या केवळाबाईची हरवलेली शेळी त्याच दुपारी माझ्या सावलीत सापडली. भर उन्हात परसात दुसरी सावलीच नव्हती, शेळी जाईल कुठं? पण केवळाबाईनं गावभर बोभाटा केला आणि मी टाकीआई झाले.

दोन महिन्यांनी शेगडी आली. बायनाबाईनं ती पदरानं पुसली आणि काडेपेटी घेतली. पार्वतीबाई आडव्या आल्या. "आईचा श्वास जाळून भाकरी करायलीस? जीभ झडंल गं!"

"आत्याबाई, डाक्टरनं काय सांगितलंय—"

"डाक्टर मोठा का आई मोठी?"

बायनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. किशनराव बैलांकडं पाहत होते. मग शेगडीला जितकी भोकं होती तितक्या तिच्यात उदबत्त्या खोचल्या आणि ती माझ्यापुढं ठेवली. एक सांगते, उदबत्त्या खोचायला अशी सोयीची वस्तू गावानं त्याआधी पाहिली नव्हती.

रोजच्या फिरवण्याचं काय झालं म्हणाल, तर तेही मोठ्या निष्ठेनं चाललं. सकाळी लोक यायचे, माझ्या कडीला हात लावायचे आणि मिस्त्री चालला होता तसे माझ्याभोवती चालायचे. कुणी अकरा चकरा घाली, कुणी एकवीस. ढकलायचं मात्र कुणी नाही. देवीला ढकलतंय कोण? मी जागच्या जागी, आणि अख्खं गाव फिरायलंय! आत साय घट्ट होत होत तिची चांगली खपली धरली. मला गुदमरायला व्हायचं, पण देवीची तक्रार ऐकायची कुणी?

मग मंगळवार-शुक्रवार नैवेद्य सुरू झाला. पुरणपोळी, तीही ताटात नाही, शेण घालायच्या तोंडातून थेट माझ्या पोटात. आता पुरणानं शेणापेक्षा दांडगा गॅस होतो, हे मुंजाजीनंही कुणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी पोळ्या घातल्या की शनिवारी मी गळ्यापर्यंत वर. माणसं ताडकळसच्या बाजारातून थेट दर्शनाला यायला लागली. कडेनं गॅस बुडबुडत बाहेर पडला की म्हणायची, "ऐका, आई बोलायली!" मी काय बोलणार? माझ्यातनं दोन माणसांच्या भाकरीचं जळण वाऱ्यावर चाललेलं असायचं.

आणि या पोळ्या करायचं कोण? बायनाबाईच. कशावर? चुलीवर! जिला धुरातून काढायला मला आणलं, तिला माझ्यापायी पन्नास-पन्नास माणसांचं पुरण शिजवावं लागायचं. माझ्या पत्र्याला लाज असती तर मी तेव्हाच वितळले असते.

एकदा गोबरगॅसची योजना तपासायला साहेब लोकांची जीप आली. मांडव घातला, माईक लावला. साहेबांनी मला वर आलेली पाहिली आणि वहीत लिहिलं, 'संयंत्र उत्तम चालू'. मग भाषण केलं. गॅस म्हणजे उद्याचं इंधन, यानं धूर जाईल, झाडं वाचतील, आभाळ स्वच्छ होईल. त्यांच्याबरोबर एक तरणे प्राध्यापक होते, ते उठून म्हणाले, "गॅस हा मधला टप्पा आहे. शेवटी सूर्यावरच स्वयंपाक करायचाय. आणि हा गॅस न जाळता असाच सोडला, तर तो धुरापेक्षाही आभाळाला जास्त तापवतो." टाळ्या पडल्या. माझ्या कडेनं बुडबुड चालूच होती.

मागं बायकांत बसलेली बायनाबाई उभी राहिली. पदर डोळ्याला लावलेला.

"साहेब, ते सूर्याचं कवा येनार?"

"दोन हजार सालापर्यंत नक्की," प्राध्यापक म्हणाले.

"तवर भाकरी कशावर करू?"

साहेब हसले, प्राध्यापक हसले, मांडव हसला. मग सगळ्यांनी माझं दर्शन घेतलं आणि बायनाबाईच्या हातच्या पोळ्या खाऊन जीप निघून गेली.

पुरणानं पुढं माझं पोट बिघडलं. आंबट ढेकर, गॅस बंद, मी खाली बसले ती उठेचना. पार्वतीबाई म्हणाल्या, "आई कोपली. पोळ्या दुप्पट करा." दुप्पट पोळ्या, दुप्पट धूर. त्या पावसाळ्यात बायनाबाईच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, हा गेला, चूल सुटली नाही तर वर्षभरात दुसराही जाईल. घरी येऊन ती माझ्याशेजारी बसली. रडली नाही. एक डोळा झाकून, दुसऱ्यानं स्वतःच्या हाताची बोटं मोजत होती, दिसतात का म्हणून. मला फार वाईट वाटलं. माझं काय, मी लोखंड, पण वाटलं.

पुढच्या शुक्रवारी आरतीच्या वेळी बायनाबाई एकदम घुमायला लागली. केस सुटले, पदर खांद्यावरून गेला, आवाज असा की मीच दचकले. "मी टाकीआई बोलायलेय!"

मी असं काहीएक बोलले नव्हते. आईशपथ!

"पोटात गोळा आलाय माझ्या! पोळ्या बंद करा, शेन घाला! ढकला मला, नुसतं भवताली काय फिरायलेत, मी काय लग्नातला होम हाय का?"

लोक पटापट पाया पडले. पार्वतीबाई मात्र मुरलेल्या. हात जोडूनच म्हणाल्या, "आई, तूच आलीस हे कशावरून? खूण दाव."

बायनाबाईनं तो एक डोळा त्यांच्यावर रोखला. "पारू! नैवेद्याचा निम्मा गूळ तू बाजंखालच्या डब्यात घालतीस आन दुपारी तोंडात टाकतीस. सांगू का आजून? मंगळवारच्या चार पोळ्या कुठं गेल्या?"

पार्वतीबाई जागच्या जागी बसल्या. सुनेच्या पायावर डोकं ठेवून म्हणाल्या, "चुकलं आई, पदरात घे. काय करू सांग."

"माझा वारा बायनाच्या शेगडीत सोडा. रोज. तिनं आजपासून चुलीपुढं बसायचं न्हाई. न्हाई तर मी ह्या गावातून चालले!"

किशनराव तर इतके भ्याले की त्यांनी त्याच पावली एसटी गाठली आणि मुंजाजीला घेऊन आले. मुंजाजीनं चार गड्यांकडून मला उचलवून वरची खपली फोडली, चुन्याचं पाणी ओतलं, ताजं शेण घातलं. जाता जाता म्हणाला, "पुरनपोळी घातलीत व्हय हिला? आमच्या घरी बी इतकी व्हत न्हाई." तीन आठवड्यांनी मी पुन्हा वर आले. तोवर स्वयंपाक केला पार्वतीबाईंनी, स्वतः, चुलीवर, खोकत. चौथ्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "बायना, येवढा धूर असतो व्हय गं?" बायनाबाई ज्वारी निवडत राहिली.

मग एका सकाळी कॉक उघडला, काडी लागली आणि निळा जाळ उठला. कुणी खोकलं नाही. बायनाबाईनं पहिली भाकरी टाकली. पार्वतीबाई ती मला नैवेद्य म्हणून न्यायला उठल्या, तेवढ्यात बायनाबाईनं ती गरम गरमच खाल्ली, तिथंच उभ्यानं, मिठाच्या खड्याबरोबर.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी इमानेइतबारे कामाला आले. रोज मला ढकलायचे. उन्हाळ्यात भरपूर, थंडीत कमी, पण दोन वेळचं भागवलं. बायनाबाईचा उजवा डोळा राहिला. पुढं माझा पत्रा खाल्ला गेला, भोकं पडली, डांबर लावून किती दिवस चालणार? चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाचं नाव बदललं त्या संक्रांतीला, घरात सिलिंडर आला आणि भंगारवाल्याची गाडी माझ्यासाठी दारात उभी राहिली.

तर अशी मी निघालेय. जाता जाता हात मीच जोडते. तुमच्या घरी माझ्यासारखं काही नवं आलं, तर मळवट मागाहून भरा, आधी कॉक उघडा. आम्ही सगळे मधलेच. एकानं पुढच्यापर्यंत पोचवायचं आणि भंगारात जायचं. त्याचं मला दुःख नाही.

गाडी हलायच्या आधी पार्वतीबाई काठी टेकत आल्या, माझ्या पाया पडल्या, रडल्या. मग बायनाबाई आली. तिनं काही हात जोडले नाहीत. कडेच्या गंजावर तळवा ठेवला आणि मान वळवून, दिसणाऱ्या बाजूनं, मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"तू येळेवर आली व्हतीस गं बाई," ती म्हणाली. "आमीच आरत्या करत बसलो."

आणि पांढरा डोळा पदरानं पुसून ती गाडीवाल्याला म्हणाली, "न्या."