उबिनच्या धक्क्यावरचा कोरम

सिंगापूरला आल्याच्या चौथ्या दिवशी मी बुकित पंजांगच्या एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोत बसलो आणि उलट्या बाजूने निघालो. ही गाडी गोल फिरते, त्यामुळे उलट्या बाजूनेही आपलं स्टेशन येतंच. मी निवांत खिडकीबाहेर बघत बसलो होतो. तेवढ्या वेळात माझ्या मुलाने, तन्मयने, मला सात फोन केले आणि रात्री जेवताना ठराव पास झाला: बाबांनी एकट्याने कुठेही जायचं नाही. माझं मत कुणी विचारलं नाही.

दोन महिने मी तो ठराव पाळला. माझी बायको अरुणा गेल्यावर मी पुण्याच्या घरात एकटा बसू नये, म्हणून तन्मयने आग्रहाने बोलावलं. इथे येऊन मी दहाव्या मजल्यावर एकटा बसत होतो. तन्मय सकाळी तुआसला कामावर जायचा, सून चैत्राली जुरोंग ईस्टच्या ऑफिसात, नात किमया शाळेत. माझ्याकडे काम एकच. दुपारी अडीचला किमयाची स्कूलबस येते, तेव्हा इमारतीखाली उभं राहायचं. घरचं मोठं माणूस दिसल्याशिवाय बसमधल्या बाई मुलीला उतरू देत नाहीत. तिला परत शाळेत नेतात आणि आईवडिलांना फोन लावतात.

शनिवार-रविवारी मला फिरायला नेत. नेत म्हणजे फोनवर गाडी, फोनवर तिकीट, आणि नदीतल्या बोटीतसुद्धा फोन दाखवूनच बसायचं. आपण कुठे चाललोय हे मला सोडून सगळ्यांना माहीत असे. म्हणून चांगीच्या धक्क्यावरून उबिन नावाच्या बेटावर बोट जाते, तिला तिकीट नाही, कार्ड नाही, नावाडी हातात रोख पैसे घेतो, असं वाचलं तेव्हा मला अगदी भरून आलं. मंगळवारी सकाळी तिघंही घराबाहेर पडल्यावर डब्यात साखरांबा-पोळी भरून मी निघालो.

जाताना काहीच अडलं नाही. मेट्रो, मग बस, मग धक्का. कडेला टायर बांधलेली लाकडी बोट, आणि नावाडी सत्तरीचा चिनी गृहस्थ. सायकलवाल्यांचा एक घोळका होता, त्यात मी. नावाड्याने बोटाने बारा डोकी मोजली आणि इंजिन सुरू केलं. मला वाटलं, बारा ही वरची मर्यादा असेल. मनात म्हटलं, वा, शिस्त आहे.

बेटावर मजा आली. नारळपाणी प्यालो. सावलीत डबा उघडला, तेव्हा एका रानडुकराने माझ्या पोळीकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, ते निघून गेलं. दोन महिन्यांत ‘बाबा, सांभाळून’ हे शब्द कानावर न पडलेली ती पहिली सकाळ होती. घरी पोचायला दोन तास धरून मी अकरा चाळीसलाच धक्क्यावर परत आलो.

धक्क्यावर चार माणसं होती. टोपीवाल्या दोन चिनी म्हाताऱ्या बहिणी, गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक पक्षीवाला, आणि मी. बोटीत नावाडी पेपर वाचत होता. मी आत पाय टाकायला गेलो, तर त्याने पेपरावरून माझ्याकडे बघितलं.

“ट्वेल्व्ह देन गो,” तो म्हणाला.

तर बारा ही खालची मर्यादाही होती. बारा माणसं जमल्याशिवाय बोट हलत नाही, मग तास लागो की दोन. रिकाम्या जागांचे पैसे भरले तर निघतो, असं त्याने सांगितलं. पण नारळाने माझा घात केला होता. खिशात परतीच्या भाड्यापुरतंच उरलं होतं.

आता माझी ओळख करून द्यायला हवी. मी पद्माकर. पुण्यातल्या आमच्या हाउसिंग सोसायटीचा बावीस वर्षं सचिव होतो. वार्षिक सभेला कोरम लागतो, म्हणजे ठरावीक सभासद हजर लागतात. तेवढे कधीच नसतात. मग सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. या दुसऱ्या सभेला कोरमची अट नसते. आमच्याकडे सगळे मोठे निर्णय त्या दुसऱ्या सभेत झाले आहेत.

हा नियम मी नावाड्याला इंग्रजीत नीट समजावून सांगितला. पाच जण हजर आहोत, तहकूब करू, अर्ध्या तासाने जेवढे असतील तेवढ्यांना घेऊन निघू. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“ट्वेल्व्ह देन गो लाह, अंकल,” तो इथला तो ‘लाह’ शेपटासारखा जोडत म्हणाला. “मी इज नॉट काउंटेड.”

म्हणजे पाचही नाही, चारच. माझं डोकं फिरलं, पण घड्याळ पळत होतं. मग मी बावीस वर्षं जे केलं तेच करायला निघालो. दारोदार.

सायकलच्या दुकानापाशी कॉलेजची तीन मुलं गोळे खात होती. पुढची बोट कधी निघेल याचा भरवसा नाही, हे मी त्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलं की ती गोळे घेऊन पळतच आली. सात झाले. नकाशात डोकं घालून उभ्या असलेल्या गोऱ्या नवराबायकोला मी म्हटलं की दुपारी इथे फार ऊन होतं. त्यांचे चेहरे आधीच टोमॅटोसारखे झाले होते, त्यामुळे त्यांना पटलं. नऊ.

नारळवाल्याच्या टपरीमागे बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. मोठी गवती टोपी, तोंडाला मास्क, हातात पुस्तक. मी विनवलं, तर तिने मागे न बघता नुसती मान हलवली, नाही म्हणून. सोसायटीत असे सभासद असतात. दार अर्धं उघडून ‘बघते’ म्हणतात आणि आत कडी लावतात. मी मनातल्या मनात तिचं नाव गैरहजरांत टाकलं.

परत येतो तर आठच! पक्षीवाल्याला कुठेतरी धनेशाचा आवाज आला आणि तो झाडीत शिरला. हे तर ओळखीचं दुखणं. मी त्याला ओढून आणला, खिशातली डायरी काढली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सही केलेला माणूस सहसा उठत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हाताऱ्या बहिणींनी चिनी अक्षरांत फार सुंदर सह्या केल्या.

तेवढ्यात छातीशी तान्हं बांधलेला एक तरुण बाप आला. बाळाला धरायचं की नाही यावर मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण नावाड्याने सरळ बाळाकडे बोट केलं आणि दोन मोजले. अकरा!

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळासकट दहा जण माझ्याकडे बघत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“माझ्या नातीची स्कूलबस अडीचला येते,” मी इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. आवाज जरा चढलाच. “खाली कुणी नसेल तर तिला परत नेतील. सात वर्षांची आहे. मी कुणालाच न सांगता आलोय.”

एका बहिणीने माझ्या दंडावर थोपटलं. मला रडू येईल की काय असं वाटलं. चूक माझी होती आणि त्यापायी पोर बसमध्ये रडणार होती. आता फोन करायलाच हवा होता. एकदा चैत्रालीला फोन केला की पुण्याचं विमान सुटेपर्यंत मी दहाव्या मजल्यावरून हलणार नव्हतो, हेही कळत होतं. मी मोबाइल काढला आणि तिचं नाव शोधू लागलो.

“बाबा, ठेवा तो फोन. मी आहे ना बारावी.”

गवती टोपीवाली बाई समोर उभी होती. मास्क हनुवटीवर आला होता.

मी म्हटलं, “तू ऑफिसात आहेस ना?”

“तुम्ही घरी आहात ना?” चैत्राली म्हणाली.

“बारा,” नावाडी म्हणाला आणि त्याने पेपराची घडी घातली.

बोट सुटली. आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो आणि दोघंही समोरच्या पाण्याकडे फार लक्ष देऊन बघत होतो.

“तू मला आधीच बघितलं होतंस?”

“तुम्ही नारळवाल्याशी घासाघीस करत होतात तेव्हाच. लपले. वाटलं, तुम्ही बारा जमवालच. तुम्ही जमवताच. मी मागच्या बोटीने येणार होते.” मग ती म्हणाली, “सुट्टी टाकली होती, बाबा. एक दिवस कुणाशी बोलायचं नव्हतं. खरं तर घरीच पडून राहायचं होतं. पण घर कधी रिकामं नसतं.”

घर रिकामं नसतं, कारण घरात मी असतो. घरात मी असतो, कारण मला बाहेर जायची बंदी आहे. हे माझ्या डोक्यात हळूहळू उतरलं. लागलं मला, खोटं कशाला सांगू? आणि मग हसूही आलं. तीही हसली, मग डोळे पुसत म्हणाली, “सॉरी हं.” म्हाताऱ्या बहिणी आमच्याकडे बघून माना डोलावत होत्या.

चांगीला उतरल्यावर तिने फोनवर टॅक्सी बोलावली. फोनच्या गाडीला मी पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत. सव्वा वाजता आम्ही इमारतीखाली होतो. अडीचला अजून सव्वा तास होता.

बावीस वर्षं मी गैरहजर सभासदांची यादी केली, नोटीस बोर्डावर लावली. ती माणसं का येत नाहीत, हे एकालाही कधी विचारलं नाही.

“तू वर जा,” मी म्हटलं. “मी इथेच बसतो.”

“एकटे?”

“दहा मजल्यांखाली. हरवणार नाही.”

ती लिफ्टपाशी गेली, थांबली, परत आली आणि स्वतःची गवती टोपी माझ्या डोक्यावर ठेवून गेली. खाली सावली होती, टोपीची काही गरज नव्हती. तरी मी ती काढली नाही. बुद्धिबळाचा पट कोरलेल्या दगडी टेबलापाशी बसून राहिलो.

बरोबर अडीचला बस आली. बसमधल्या बाईंनी टोपीकडे बघितलं, पण किमयाला उतरवलं.

“आजोबा, धिस इज ममाज हॅट! ममा घरी आहे? लेट्स गो अप!”

“अजून दहा मिनिटं बसू. वर सभा चालू आहे.”

“किती पीपल?”

“एकच.”

“वन पर्सन ओन्ली, हाउ कॅन हॅव मीटिंग लाह?”

“चालते,” मी म्हटलं आणि तिचं दप्तर उतरवून घेतलं. “त्या सभेला तेवढाच कोरम लागतो.”